पाण्यात जाणारी वाट

दर शनिवारी पहाटे सव्वापाचला आम्ही पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर भेटतो. आम्ही म्हणजे पाच-सहा सॉफ्टवेअरवाले. आठवडाभर खुर्चीत बसून पाठीचं प्रश्नचिन्ह झालेलं, आणि पोट दर रिलीजगणिक वाढत चाललेलं. सायकली मात्र एकदम झकास. पुढे सस्पेंशन, जाडजूड टायर, डिस्क ब्रेक. त्यांची खरी किंमत कोणीच घरी सांगितलेली नाही, त्यामुळे इथेही सांगत नाही :)

गेल्या वर्षी आमच्यात एक नवीन मुलगा आला. कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, त्यामुळे प्रश्न फार. सगळे जमेपर्यंत पाटीकडे बघत त्याने विचारलं, "हे सेनापती बापट कोण? पेशव्यांचे सेनापती का?" कोणी म्हणालं हो, कोणी म्हणालं नाही, असतील कोणी क्रांतिकारक. मी या रस्त्यावरून पंधरा-वीस वर्षं जातोय. मलाही धड सांगता आलं नाही. तेवढ्यात शेवटचा भिडू आला, आम्ही निघालो आणि प्रश्न तिथेच राहिला.

आमचा मार्ग ठरलेला. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुटचा घाट, पौडला चहा-मिसळ आणि मग मुळशीचं धरण. पुढे ताम्हिणीच्या दिशेने डांबरी रस्ता जातो, उजव्या हाताला तलाव. खरी मजा हा रस्ता सोडला की सुरू होते. गुरांच्या वाटा, लाल मातीचे गाडीरस्ते, मध्येच करवंदीच्या जाळ्या, एखादा ओढा. चढ असा की जीभ बाहेर यावी, आणि उतार असा की आपल्याला दोन पोरं आहेत हे आठवावं. आणि प्रत्येक वळणावर खाली ते निळंशार पाणी. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला की लोक विचारतात, "स्वित्झर्लंड का?"

मे महिन्यात तलाव आटलेला असतो. अशाच एका मे महिन्यातल्या शनिवारी आम्ही एक नवी वाट पकडली. छान होती. एका बाजूला दगड रचलेले, उतारही बेताचा, म्हणजे गुरांनी पाडलेली नाही, माणसांनी बांधलेली. आम्ही खुशीत खाली उतरत गेलो आणि वाट सरळ पाण्यात शिरली. वळली नाही, संपली नाही, तशीच आत गेली. उथळ पाण्यात आणखी थोडे दगड दिसत होते, मग तेही नाही. काठाला चिखल वाळून भेगा पडल्या होत्या आणि त्यातून भातखाचरांचे बांध दिसत होते.

वर झाडाखाली एक म्हातारेबाबा गुरं घेऊन बसले होते. आम्ही विचारलं, "बाबा, ही वाट कुठे जाते?"

"गावाला जाती की."

"कुठल्या गावाला?"

"आमच्याच." त्यांनी काठीने पाण्याकडे दाखवलं. "आता खाली हाये. धरणाच्या आधीचं. माज्या आज्यानं ह्याच वाटेनं समदं सामान वर आणलं."

आमच्यातल्या एकाने जीपीएस बघत म्हटलं, "म्हणजे आपण रस्ता चुकलो."

"तुमी न्हाई चुकला," बाबा म्हणाले. "रस्ताच बुडालाय."

त्या रात्री घरी येऊन मी वाचायला बसलो आणि पुढचे तीन-चार वीकएंड त्यातच गेले. सुरुवातीलाच खजील झालो. पहाटेच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या राईडच्या दुसऱ्या टोकाला होतं. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव मिळालं ते या तलावामुळे. खरं तर, हा तलाव होऊ नये म्हणून ते लढले त्यामुळे.

आधी तलावाच्या आधीचं सांगतो. नीला आणि मुळा या दोन नद्यांचं हे खोरं, मावळातलं. पाऊस धो धो, जमीन भाताची. इथला आंबेमोहोर पुण्याच्या घरांत वासावरून ओळखायचे. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा सरळ कोकणात तुटलेला, आणि त्या कड्यावरून उतरणाऱ्या घाटवाटा. कोराईगड, घनगड, तैलबैला ही नावं ट्रेकवाल्यांना पाठ असतात. ती का आहेत तिथे? तर या वाटांवर नजर ठेवायला. वाट आधी, किल्ला नंतर. म्हणजे आज आपण ज्यांना हौसेने 'ट्रेल' म्हणतो, ते एके काळचे हायवे होते. बैल, ओझी घेतलेली माणसं, माहेरी निघालेल्या बायका, सैन्य, सगळे त्यावरून जायचे.

आता धरण. त्याची कल्पना खरोखर सुंदर आहे, हे इंजिनिअर म्हणून कबूल केलं पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या. कोळसा लांबून यायचा, महाग पडायचा, धूर वेगळाच. दुसरीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर अफाट पाऊस पडायचा आणि ते पाणी पूर्वेकडे वाहून जायचं. मुळशीचं पाणी मुळेतून पुण्याला, तिथून मुळा-मुठा, भीमा, कृष्णा करत थेट बंगालच्या उपसागरात. पण माथ्यावर ते अडवलं आणि उलट पश्चिमेला वळवलं, तर कड्यावरून ५०० मीटरच्या आसपास खाली पडतं. एवढी उंची फुकटात! जमशेटजी टाटांनी हे स्वप्न पाहिलं, ते १९०४ मध्ये वारले, पुढच्यांनी ते पुरं केलं. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांच्या पाण्यावर १९१५ मध्ये खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९२२ मध्ये भिवपुरीचं. मुळशीच्या योजनेसाठी १९१९ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९२७ मध्ये कोकणात भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. ते आजही चालू आहे. शंभर वर्षं टिकणारी सिस्टिम! आमचा कोड शंभर दिवस टिकला तरी आम्ही केक कापतो.

फक्त एक गोष्ट होती. खोरं रिकामं नव्हतं. ५०च्या आसपास गावं आणि दहा-अकरा हजार माणसं या योजनेखाली येणार होती. जमीन घ्यायला सरकारचा १८९४ चा भूसंपादन कायदा होता. म्हणजे कायदा 'सार्वजनिक कामा'साठी, काम खासगी कंपनीचं आणि राज्य इंग्रजांचं. मालकांना विचारायच्या आधीच शेतात चाचणीचे खड्डे खणायला सुरुवात झाली.

लोकांनी ठरवलं, उठायचं नाही. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. बाराशेच्या आसपास मावळे, त्यात बायका आणि पोरंसुद्धा, धरणाच्या जागेवर जाऊन बसले. काम थांबलं. थोडा विचार करा, असहकाराची चळवळ सुरू होऊन जेमतेम काही महिने झाले होते. बार्डोलीला अजून सात वर्षं होती. दिवंगत अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर इंग्रजीत जे पुस्तक लिहिलं (२००९), त्याच्या नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. गांधीजींनी १९२१ मध्येच 'यंग इंडिया'त यावर लिहून टाटांनी लोकांच्या भावनांचा विचार करावा असं सुचवलं होतं.

पुढे वाटाघाटी झाल्या, सत्याग्रह थांबवला गेला, मग काम पुन्हा सुरू झालं आणि डिसेंबर १९२१ मध्ये सत्याग्रहही पुन्हा सुरू झाला. या वेळी धरपकड झाली. माणसं तुरुंगात गेली, बायकाही गेल्या. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव, शि. म. परांजपे अशी पुण्याकडची मंडळी यात होती आणि सगळ्यात पुढे बापट.

हे बापट मूळचे पारनेरचे. जन्म १८८० चा. डेक्कन कॉलेजात शिकले आणि शिष्यवृत्ती मिळवून एडिंबरोला गेले. कशासाठी माहीत आहे? इंजिनिअरिंग शिकायला! तिथून लंडनच्या इंडिया हाऊसच्या संगतीत आले, बॉम्ब बनवायची कृती मिळवली आणि ती घेऊन भारतात परतले. हे वाचताना मला आमची बॅच आठवली. आम्हीही इंजिनिअरिंग करून परदेशी गेलो, येताना चॉकलेटं आणि परफ्यूम आणले. असो.

मुळशीच्या लढ्याचा शेवट मात्र शाळेच्या पुस्तकात घालण्याइतका सरळ नाही. १९२४ पर्यंत लोक थकले होते. पैसे घेऊन गप्प बसणारे गप्प बसले होते. ९ डिसेंबर १९२४ ला बापटांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड ठेवले आणि धरणाच्या मजुरांना नेणारी गाडी अडवली. हातात शस्त्र होतं. म्हणजे हा सत्याग्रह उरला नव्हता, हे त्यांनाही कळत असणार. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच धरण पुरं झालं आणि पाणी चढलं.

व्होरांचं लिखाण वाचताना सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. मला वाटलं होतं गोष्ट साधी असेल, एका बाजूला कंपनी आणि सरकार, दुसऱ्या बाजूला शेतकरी. पण खोऱ्यातली बरीच जमीन तोवर पुण्याच्या सावकारांच्या हातात गेलेली होती. मावळे ती कुळं म्हणून कसत होते. त्यामुळे नुकसानभरपाईची गोष्ट निघाली तेव्हा पैसे मिळणार होते सावकाराला आणि घर जाणार होतं कुळाचं. लढ्याला सुरुवातीला पुण्याचा पाठिंबा होता, भरपाईचा आकडा समाधानकारक झाल्यावर त्यातल्या बऱ्याच जणांचा उत्साह ओसरला. आणि वरून अडचण अशी की कंपनी गोऱ्यांची नव्हती, स्वदेशी होती. स्वदेशी वीज आणि स्वदेशी शेतकरी यांत कोणाची बाजू घ्यायची? तेव्हाच्या पुढाऱ्यांचीही यावर एकवाक्यता नव्हती. आजच्या चहाच्या टपरीवरही होणार नाही.

हे सगळं डोक्यात असताना मी एकदा सहज माउंटन बाईकचा इतिहास शोधला. आपण ज्यावर बसतो ते यंत्र तरी कुठून आलं बघावं म्हणून. ते आलं कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीतून, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडून. १९७० च्या दशकात तिथली काही उनाड पोरं जुन्या श्विन सायकली भंगारातून उचलायची. जाड टायरच्या, एका गियरच्या, पेडल उलटं मारलं की ब्रेक लागणाऱ्या. त्या घेऊन डोंगरावरून सुसाट खाली. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. उतार इतका तीव्र की मागच्या ब्रेकमधलं ग्रीस तापून धूर व्हायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं, म्हणून शर्यतीचं नावच 'रीपॅक'. १९७७ मध्ये जो ब्रीझने खास या कामासाठी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाने धंदा सुरू केला. बाकी इतिहास तुमच्या पार्किंगमध्ये उभा आहे.

पण मला गंमत वाटली ती जागेची. त्या भागातला मुख्य डोंगर माउंट टॅमल्पाइस. त्याच्या उतारांचा मोठा भाग तिथल्या पाणीपुरवठा संस्थेच्या ताब्यात आहे. ही संस्था १९१२ मधली. डोंगराच्या कुशीत तिचे अल्पाईन, लागुनितास, बॉन टेम्पे असे तलाव आहेत, सगळे धरणं बांधून केलेले. आणि पोरं ज्यावरून सायकली हाणायची ते बरेचसे रस्ते वणव्याच्या वेळी बंब नेता यावेत म्हणून पाडलेले. म्हणजे तिथेही तेच. डोंगर, दरी, तलाव, आणि भलत्याच कामासाठी केलेली वाट. पुढे तिथे भांडणं झाली ती अरुंद पायवाटांवर सायकलींना परवानगी द्यायची की नाही यावर. भांडण म्हणून तेही खरंच. पण त्यांच्यात प्रश्न होता या वाटेवरून जायचं कोणी. मुळशीत प्रश्न होता या वाटेच्या टोकाला राहायचं कोणी.

पावसाळा संपल्यावर मी अंधारबनातून चालत भिऱ्याला उतरलो. (सायकल घरी ठेवून. एवढी हौस नाही.) वरून पिंपरीपासून वाट निघते, दाट जंगलातून हिर्डी गाव आणि मग खाली कोकण. हे जंगल आता अभयारण्यात येतं, तेव्हा परवानगी काढून जा. खाली भिऱ्याला पोचल्यावर वर कड्याकडे बघितलं. मी दिवसभर गुडघे दुखवत जी उंची उतरलो, तीच उंची मुळशीचं पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून काही मिनिटांत उतरतं, वीज करतं आणि कुंडलिका नदीत जातं. पुढे कोलाडला सकाळी जे राफ्टिंग चालतं ते या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. आमच्या कंपनीची टीम आउटिंग तिथेच झाली होती. लाइफ जॅकेट घालून, ओरडत, आम्ही त्या बाबांच्या गावावरून आलेल्या पाण्यात मजा करत होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग काय करायचं? धरण फोडायचं? नाही हो. त्या विजेवर मुंबई उभी राहिली, गिरण्यांत लाखो मराठी माणसांच्या चुली पेटल्या, त्यात कोकणातून आणि घाटावरून गेलेले किती होते ते वेगळं सांगायला नको. माझा आजोबाही त्यातलाच, परळच्या चाळीत राहून गिरणीत काम करणारा. त्याच्या पगारावर वडील शिकले, वडिलांच्या पगारावर मी. म्हणजे हिशेब मांडायला बसलो तर त्या पाण्याचा एक थेंब माझ्याही डिग्रीत आहे. त्यामुळे कोणाकडे बोट दाखवायची सोय राहिलेली नाही.

आणखी एक. माझं ऑफिस हिंजवडीला आहे. हिंजवडी कुठल्या तालुक्यात येतं? मुळशी. मला हे इतकी वर्षं माहीतच नव्हतं, कारण पत्त्यात आम्ही 'पुणे' लिहितो. आमच्या फेजच्या खालीही कोणाचीतरी शेतं होती. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' सिनेमा आला तेव्हा आम्ही ऑफिसातून गटाने बघायला गेलो. डायलॉग पाठ करून आलो. जमीन गेल्यावर त्या घराचं काय होतं हीच त्याची गोष्ट होती, आणि ती बघून आम्ही परत त्याच जमिनीवर, एसी चालू असलेल्या इमारतीत, लॉगइन करायला गेलो. धरणाचं पाणी निदान मे महिन्यात खाली जातं आणि बांध दिसतात. काँक्रीट काही आटत नाही.

तर परवा मी त्या नव्या पोराला उत्तर दिलं. सेनापती बापट रस्त्यावर नाही, त्या पाण्यात जाणाऱ्या वाटेवर, दगडावर बसून. गाडी अडवली तिथपर्यंत तो गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे ते हरले. हरलेल्याचं नाव एवढ्या मोठ्या रस्त्याला?" मी म्हटलं, १५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात झेंडा फडकवायचा मान त्यांनाच दिला होता. तो म्हणाला, "हो, पण मुळशी हरले ना?" हो, मुळशी हरले. तो थोडा वेळ पाण्याकडे बघत बसला आणि म्हणाला, "मग आपण इथे यायचं की नाही?"

मला वाटतं यायचं. वाट वापरात राहिली तरच वाट राहते, नाहीतर दोन पावसाळ्यांत रान तिला गिळतं. पण गावातून जाताना सायकलवरून उतरायचं, 'राम राम' घालायचा, भाताच्या बांधावर चाक घालायचं नाही, चहा पौडच्या कॅफेत न घेता वरच्या वाडीत घ्यायचा. एवढं तर आपल्या हातात आहे.

सायकलच्या अ‍ॅपमध्ये कुठल्याही तुकड्याला नाव देता येतं. लोक 'घाटाचा राजा', 'मरणाचा उतार' वगैरे देतात. मी त्या दगडी वाटेला दिलं 'गावची वाट'. लांबी ३०० मीटर, उतार सोपा. पाऊस लागला की ती पाण्याखाली जाते, तेव्हा बघायची असेल तर जूनच्या आत या. वर झाडाखाली बाबा असतील तर त्यांना विचारा ती कुठे जाते. ते सांगतील.